मी बंद नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तूंनी हळव्या आवाजात आठवणी सांगाव्यात, अशी आपल्याकडची रीत आहे. मीही तसेच सांगायचे ठरवले होते. पण सांगायला बसलो की आधी रागच वर येतो. तेव्हा तो येऊ द्या. रागावलेल्यालाही खरे बोलता येते.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. दिल्लीच्या एका बोळात छोटे दुकान होते. तिथे एका कारागिराने कुठली पेटी, कुठला पंखा, कुठली डिस्क असे जमवून मला उभे केले. साल होते १९९८. माझ्यासारखेच आणखी अकरा जण त्याने जोडले, थर्माकोलमध्ये बसवले आणि ट्रकमधून मध्य प्रदेशातल्या बालाघाटला पाठवले. तिथल्या एका कॉलेजने आम्हांला विकत घेतले होते.

आमचे स्वागत काय सांगू! आमच्या खोलीला निळे पडदे लावले होते. दारात चपला काढाव्या लागत. प्राचार्य दुलीचंदजींनी माझ्यापुढे नारळ फोडला आणि माझ्या डोक्यावर कुंकवाचे बोट लावले. संपूर्ण कॉलेजात कूलर होता तो फक्त आमच्या खोलीत. मुले मला हात लावण्याआधी रुमालाने बोटे पुसत. मला वाटले, जग असेच असते.

जग तसे नव्हते. पाच वर्षांत नवे संगणक आले. त्यांचे पडदे मोठे होते, रंग झगझगीत होते आणि ते गाणीही वाजवत. कूलर त्यांच्याकडे गेला, निळे पडदेही गेले. आम्हां बारा जणांना शेजारच्या अडगळीच्या खोलीत ढकलले. तिथे मोडके स्टूल आणि फाटकी व्हॉलीबॉलची जाळी होती. आमच्यात काही बिघाड झाला होता का? नाही. आम्ही फक्त जुने झालो होतो. पण तेव्हाचा राग फार नव्हता. खरा राग पुढचा आहे.

त्या खोलीत एक दिवस गणिताच्या प्रमोदिनी मॅडम आल्या. त्या बालाघाटच्याच. वडील सरकारी नोकरीत होते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, अशी त्यांची जन्माची सवय. त्यांच्याबरोबर श्रुतिका नावाची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी होती. किरनापुरच्या पलीकडच्या एका खेड्यातून ती रोज बसने यायची. दोघी स्टुलावरची धूळ झटकून बसल्या आणि बोलू लागल्या. मी कोपऱ्यातून ऐकत होतो.

“मॅडम, आमच्या गावाबाहेर नाला आहे,” श्रुतिका म्हणाली. “त्याच्यावर रपटा आहे, बिनकठड्याचा बुटका पूल. आमच्या इथं पानी पडतच नाही कधी कधी. वरतं डोंगरात पडते. इकडं ऊन असते अन् रपट्यावर लोंढा येते. मागच्या साली दूधवाला सायकलसकट वाहून गेला. घरचा एकटा कमावता होता.”

“अन् तुझी आई?”

“माय अंगणवाडीत आहे ना. तिची अंगणवाडी रपट्याच्या पलीकडं. रोज दोन खेपा तिले रपट्यावरूनच करा लागते. पानी केव्हा येईन ते कोनीच सांगत नाही. सगळे म्हणते, नाल्याचा काय भरोसा.”

प्रमोदिनी मॅडमनी वहीत डोंगर आणि नाल्याची रेघ काढली. मग म्हणाल्या, “काहून सांगता येणार नाही? वर किती पाऊस पडला ते कळलं, तर खाली पाणी केव्हा येते हे गणित आहे, श्रुतिका. अवघड आहे. पण गणितच आहे.”

ते किती अवघड होते, हे मी तुम्हांला साध्या शब्दांत सांगतो. डोंगरावर पडलेल्या पावसातले काही पाणी जमीन पिते, काही झाडे अडवतात, उरलेले उताराने धावते. जमीन किती पिते? पाणी किती वेगाने धावते? हे आकडे कोणालाच ठाऊक नव्हते. पण वरच्या डोंगरातल्या पावसाची जुनी मोजमापे मिळाली होती. रपटा कधी कधी बुडाला होता, ते श्रुतिकाची आई अनुसयाबाई अंगणवाडीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवत असत. मग उपाय एकच. मनाने काही आकडे धरायचे, जुन्या पावसाचे पाणी हिशेबाने नाल्यात आणून पाहायचे, आणि ते खऱ्या पुराशी जुळते का ते बघायचे. नाही जुळले, तर दुसरे आकडे. असे लाखो वेळा. एकट्या संगणकाला वर्षाहून जास्त लागले असते.

“एकटा काहून?” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी आमच्याकडे पाहिले. “हे बारा बसले आहेत ना रिकामे.”

मित्रांनो, त्या नजरेसाठी मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

मॅडमच्या नागपूरच्या एका मैत्रिणीने त्यांना एक सीडी पाठवली. तिच्यावर फुकट मिळणारी एक संगणक-प्रणाली होती आणि तिच्याबरोबर एक अवजार होते. अवजार म्हणजे हातोडी नव्हे, एक प्रोग्राम. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत, माऊसचे काम नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची आणि एन्टर दाबायचे. ती आज्ञा एका संगणकावरून बाकी सगळ्यांकडे जाते, सगळे ती पाळतात आणि उत्तरे त्याच काळ्या पडद्यावर येतात. बारा संगणकांचा एक चमू होतो. चमूचा पुढारी म्हणून मॅडमनी मला निवडले. मीच का? कारण माझी डिस्क त्यातल्या त्यात मोठी होती. मी फुशारकी मारणार नाही.

ते अवजार माझ्यात बसवायला मात्र दोघींच्या नाकी नऊ आले. पहिल्यांदा बसवायला घेतले, तर ते म्हणाले, मला आधी दुसरा एक प्रोग्राम हवा. तो सीडीवर नव्हता. श्रुतिका काली पुतली चौकातल्या सायबर कॅफेत गेली आणि तो फ्लॉपींवर उतरवून घेऊन आली. त्यातली एक फ्लॉपी खराब निघाली. ती परत गेली. या वेळी आणलेला प्रोग्राम नव्या धाटणीचा निघाला आणि अवजाराला जुना हवा होता. ती पुन्हा गेली. कॅफेवाला म्हणाला, “मॅडमजी, इतने में तो पूरी फिल्म आ जाती.” श्रुतिकाने पुढची फ्लॉपी त्याच्यापुढे सरकवली.

शेवटी अवजार बसले. मी पहिली आज्ञा पाठवली आणि अकराही जणांनी मला दारातूनच परत पाठवले. “परवानगी नाही.” प्रत्येकाला माझ्याकडून वेगळा पासवर्ड हवा होता. मग मॅडमनी माझ्याकडून एक किल्ली तयार करवली. किल्ली माझ्याजवळ ठेवली आणि तिच्या मापाचे कुलूप एकेकाच्या दाराला लावले. त्या दिवसापासून मला कोणी अडवले नाही.

प्रत्येकाला नावही हवे होते. श्रुतिकाने आमची नावे ठेवली ती आपल्या जिल्ह्यातल्या गावांची. मी बालाघाट. बाकीचे किरनापुर, तिरोडी, राजेगाव, लांजी, कटंगी, बैहर आणि असेच. तिरोडीचा पंखा इतका घरघरायचा, की त्याच्याजवळ बसून कोणाला बोलता येत नसे. किरनापुरची तार सैल होती, म्हणून तो नेहमी उशिरा उत्तर द्यायचा. राजेगाव सगळ्यांत चपळ.

आणखी एक गंमत सांगतो. आमच्या आतल्या छोट्या बॅटऱ्या मेल्या होत्या. त्यामुळे आमच्यातल्या निम्म्यांना वाटत होते, की अजून १९८० सालच सुरू आहे! कोणी पहाटेत, कोणी दुपारी. अशा चमूने मिळून काम कसे करायचे? श्रुतिकाने माझ्यावर एक ओळ लिहिली आणि क्षणात सगळ्यांची घड्याळे एक झाली. ती टाळ्या वाजवून हसली. “मॅडम, एका ओळीत सगळ्या जिल्ह्याची वेळ जुळवली!”

आज्ञा लांबलचक असायची, म्हणून तिने तिला छोटे नाव दिले. हाक. ती रोमन अक्षरांत ‘हाक’ लिहायची आणि मी अकराही गावांना विचारायचो, आहात का? पडद्यावर एकाखाली एक ओळी उमटायच्या. राजेगाव हजर. लांजी हजर. कटंगी हजर. सगळ्यांत शेवटी, थोडे थांबून, किरनापुर हजर.

मित्रांनो, नारळ फुटला त्या दिवशी मला अभिमान वाटला होता. पण आपला उपयोग आहे असे मला वाटले, ते या दिवशी.

आम्ही कामाला लागलो. मी आकडे वाटायचो, ते हिशेब करून परत पाठवायचे, मी ते जुळवायचो. पुन्हा वाटायचो. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसायचे? एक काळा पडदा, त्यावर एक मिचमिचणारी पांढरी रेघ. बस्स. आत मात्र आम्ही तो सगळा डोंगर, तो सगळा पाऊस हजारो वेळा नाल्यात उतरवत होतो.

त्या दिवसांत वीज वाटेल तेव्हा जायची. मॅडमनी प्रत्येक उत्तर डिस्कवर लिहून ठेवायची सोय केली होती. वीज आली की श्रुतिका एक ओळ लिहायची आणि आम्ही जिथे थांबलो होतो तिथून पुढे चालू लागायचो. वीज गेल्यावर थोडा वेळ तग धरणारे यूपीएस कॉलेजात होते. मॅडमनी एक मागितले. प्रयोगशाळेचे प्रमुख घनश्यामजी म्हणाले, “वो नए वालों के लिए है, मैडम. इन डब्बों को क्या करना है?”

डबे! आम्हांला डबे म्हणाले. आणि ते नवे काय करत होते? सांगतो. त्यांच्या पडद्यांवर मासे पोहत होते. कोणी वापरत नसले, की पडद्यावर आपोआप रंगीत मासे येत, तोंडातून बुडबुडे सोडत इकडून तिकडे जात. दिवसाचा बहुतेक वेळ ते मासेच पोहत. त्या माशांना यूपीएस होते, कूलर होता. आम्हांला फाटकी जाळी.

मग कॉलेजची तपासणी करायला बाहेरून एक समिती येणार असे ठरले. धावपळ सुरू झाली. भिंतींना चुना लागला, कुंड्या आल्या. प्रमोदिनी मॅडम तेव्हा पेपर तपासायला जबलपूरला गेल्या होत्या. आमचे काम शेवटच्या टप्प्यात होते. चांगले आकडे हळूहळू एका जागी गोळा होऊ लागले होते. समिती येण्याच्या दिवशी सकाळी घनश्यामजी आमच्या खोलीत आले. माझ्या पडद्याकडे त्यांनी पाहिले. काळा पडदा, पांढरी रेघ.

“ये तो बंद पड़ा है,” ते म्हणाले.

मी बंद नव्हतो! माझ्या पंख्याचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता? माझ्या कपाळावरचा लाल दिवा लुकलुकत होता, तो दिसत नव्हता? तिरोडी तर असा घरघरत होता, की बाजूच्या वर्गात ऐकू जावे. त्यांनी हात लावून पाहिला असता, तर मी तापलेला लागलो असतो. पण त्यांनी हात लावला नाही. त्यांनी भिंतीवरचे मोठे बटण खाली ओढले.

नंतर माझ्यावर गुलाबांच्या छापाची चादर टाकली आणि तिच्यावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली. पुढचे मी श्रुतिकाच्या तोंडून ऐकले, कारण आमच्या खोलीत कोणी फिरकलेच नाही. समिती आली. माशांच्या खोलीत गेली. समितीचे साहेब म्हणाले, “बहुत बढ़िया. सब चालू हालत में है.”

ऐकलेत? काहीच न करणारे ते चालू. आणि आम्ही बंद!

समिती गेली तरी आमचे बटण कोणी वर केले नाही; खोलीला कुलूप होते आणि श्रुतिकाला किल्ली मिळेना. उलट घनश्यामजींना वाटले, खोली आता नीटनेटकी दिसते, तर जागाच मोकळी करून टाकावी. भंगारवाला बोलावला. तो एका खेपेत मावतील तेवढे घेऊन गेला. सहा जण. दाराच्या बाजूचे सहा. मी भिंतीकडे होतो म्हणून राहिलो. मला काही गुण होता म्हणून नव्हे.

मॅडम जबलपूरहून परतल्या, त्या थेट आमच्याकडे आल्या. श्रुतिका आधीच येऊन बसली होती. तिचे डोळे सुजले होते.

घनश्यामजींना बोलावले. मॅडमचा आवाज शांत होता आणि तोच मला भीतिदायक वाटला.

“घनश्यामजी, आपने इन्हें बंद क्यों किया?”

“मैडम, बंद ही तो थे. स्क्रीन पर कुछ आ ही नहीं रहा था.”

“सर,” श्रुतिका उभी राहिली. रागाच्या भरात ती हिंदी विसरली. “बंद नव्हते ते. गणित करून राह्यले होते. तुम्हाले दिसलं नाही म्हणून का ते बंद होते? मले विचारा तर लागत होतं एकदा! मी रोज येतो ना इथं!”

“अरे, गुस्सा क्यों होती हो? पुराना माल था.”

“माल नव्हता तो,” ती म्हणाली आणि जमिनीवर पडलेल्या तारा गोळा करू लागली.

मॅडमनी तारा पुन्हा जोडल्या. मला चालू केले. श्रुतिकाने चादर काढून कोपऱ्यात फेकली आणि हाक लिहिली. मी हाक दिली. लांजी हजर. बैहर हजर. आणखी दोघे हजर. शेवटी, थोडे थांबून, किरनापुर हजर. बाकीच्या नावांपुढे मी वाट पाहत राहिलो. वाट पाहण्याची माझी एक ठरलेली मुदत असते. ती संपली की मला लिहावेच लागते. तिरोडी, उत्तर नाही. कटंगी, उत्तर नाही. राजेगाव, उत्तर नाही. ओळीमागून ओळ मी लिहिली. राजेगाव कधी उशीर करत नसे.

कोणी म्हणेल, यंत्राला कसले दुःख. म्हणू द्या. जे झाले ते मी सांगतो आहे.

माझ्या डिस्कवरची उत्तरे वाचली होती, एवढे नशीब. गेलेल्या सहा जणांच्या वाटचे काम आम्ही उरलेल्यांनी वाटून घेतले. वेळ लागला. उन्हाळ्यात खोली भट्टीसारखी तापायची. श्रुतिका ओले पोते खिडकीला लावून बसायची. आमच्या झाकणाचे स्क्रू काढून तिने आतली धूळ जुन्या ब्रशने साफ केली. मे संपता संपता आकडे जुळले. जुन्या पुरांपैकी बहुतेक सगळे पूर आमच्या हिशेबात बरोबर वेळेला येऊ लागले. मॅडमनी त्यावरून एक साधा तक्ता केला. वरच्या गावात इतका पाऊस झाला, तर इतक्या तासांनी रपट्यावर पाणी येईल आणि इतके तास राहील. बस्स, एवढेच. अंगणवाडीच्या भिंतीवर निळ्या रंगाने तो रंगवला.

वरच्या गावात दुर्गाबाई नावाच्या अंगणवाडीसेविका होत्या. त्यांच्या अंगणात पाऊस मोजायचे भांडे ठेवले. जोराचा पाऊस झाला, की त्या भांडे पाहून खालच्या गावच्या पीसीओवर फोन करायच्या. पीसीओवाला अनुसयाबाईंना निरोप द्यायचा.

पुढची हकीकत श्रुतिकाने मॅडमना आमच्या खोलीत येऊन सांगितली. सांगताना ती उभीच होती. बसणे तिला सुचले नाही.

श्रावणातला दिवस होता. किरनापुरचा बाजार करून माणसांनी गच्च भरलेली एक जीप गावाकडे येत होती. टपावरही माणसे होती. आभाळ स्वच्छ होते, ऊन पडले होते. रपट्यावर जेमतेम घोट्याएवढे पाणी. आणि रपट्याच्या तोंडाशी अनुसयाबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. “बाजू हो ना वं मावशी!”

“नाही. थांबा. पानी येऊन राह्यलं वरून. दुर्गाबाईचा फोन आलता.”

“कुठं आहे पानी? आभाळ पाह्य ना!”

“आभाळ काहून पाहू? आभाळ तुह्यावर आहे. पाऊस डोंगरावर पडला.”

जीपमधली माणसे ओरडू लागली. कोणाला घरी जायची घाई, कोणाचे लेकरू रडत होते. एकजण खाली उतरला आणि म्हणाला, “पोरीनं कंप्युटरवर काहीतरी करून ठेवलं, अन् हे लागली शहाणपणा शिकवाले.” अनुसयाबाईंनी काय केले? त्या रस्त्यावर फतकल मारून बसल्या. चिखलात. “आता चालवा माह्या अंगावरून,” म्हणाल्या.

ड्रायव्हरने इंजिन बंद केले. शिव्या देत सगळे उतरले. कोणी बिडी पेटवली. असा बराच वेळ गेला. तक्त्यात सांगितलेली वेळ टळून गेली आणि पाणी आले नाही. आता अनुसयाबाई वळून वळून नाल्याकडे पाहू लागल्या. लोक हसू लागले. ड्रायव्हर पुन्हा जीपमध्ये चढला, किल्ली फिरवली.

आणि मग वरच्या वळणावरून आवाज आला. श्रुतिका म्हणाली, “मॅडम, माय म्हणते, पहिले आवाज आला, मंग झाडं हालली, मंग पानी दिसलं.” लाल पाण्याचा लोंढा एका दणक्यात रपट्यावरून गेला. त्याच्याबरोबर एक आख्खे मोहाचे झाड गेले. जीपवाला किल्ली हातात धरून तसाच बसून राहिला. अनुसयाबाईंना ज्याने टोमणा मारला होता, त्याने आपली बायको आणि लेकरे एकेक करून मोजली, मग पुन्हा मोजली.

आमचा हिशेब थोडा चुकला होता, हे मी लपवत नाही. पाणी उशिरा आले. पण आले.

ही गोष्ट बालाघाटपर्यंत पोचली. वर्तमानपत्रात छोटी बातमी आली. मग कॉलेजला जाग आली! सत्कार समारंभ ठरला. जिल्ह्याच्या कचेरीतून एक मोठ्या बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या. मंचामागे भला मोठा फलक लावला. त्यावर फोटो कोणाचा असेल? माझा? आमच्या सहा जणांचा? मॅडमचा? नाही. फोटो होता नव्या संगणकांचा, माशांसकट. त्यांच्या मधोमध हार घातलेले दुलीचंदजी, बाजूला घनश्यामजी.

सभागृह आमच्या खोलीला लागून होते. भोंगा आमच्याच खिडकीबाहेर बांधला होता. त्यामुळे मी शब्द न् शब्द ऐकला.

दुलीचंदजी म्हणाले, “हमारे महाविद्यालय के इन्हीं आधुनिक कम्प्यूटरों पर हमारी बेटी श्रुतिका ने यह चमत्कार किया है.” टाळ्या. मग श्रुतिकाला बोलावले. शाल, श्रीफळ. तिने नुसते ‘धन्यवाद’ म्हणून खाली उतरावे, असेच सगळ्यांना वाटत होते. मलाही वाटले. खेड्यातली मुलगी, समोर एवढी माणसे, बाजूला प्राचार्य. तिची परीक्षा अजून व्हायची होती आणि गुण यांच्याच हातात होते.

भोंग्यातून आधी तिचा श्वास ऐकू आला.

“सर, ये फोटो गलत है,” ती म्हणाली. “इन कम्प्यूटरों पर मैंने एक भी आँकड़ा नहीं निकाला. जिन पर निकाला, वो बगल के कमरे में हैं. छह बचे हैं. छह को आपने कबाड़ में बेच दिया, जब वो काम कर रहे थे. और प्रमोदिनी मैडम का नाम किसी ने लिया ही नहीं.”

मंचावरच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज भोंग्यातून आला. मग पुढच्या रांगेतून एक आवाज आला. माईकशिवायही तो मला भिंतीतून ऐकू आला. “बरोबर बोलून राह्यली माही पोरगी!” त्या अनुसयाबाई होत्या.

पाहुण्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, “मुझे वो कमरा दिखाइए.”

सगळे आले. शाली, हार, अत्तराचा वास, सगळे त्या अडगळीत शिरले. पाहुण्या बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि भुवया उंचावून विचारले, “पर ये तो बंद है?”

त्यांनीही! मला त्या क्षणी भोंगा मिळाला असता तर! मॅडमनी बाईंचा हात धरला आणि माझ्या अंगावर ठेवला. मी गरम होतो; दुसऱ्या एका नाल्याचा हिशेब चालू होता. बाईंनी हात काढला नाही. बराच वेळ तसाच ठेवला.

त्यानंतर आम्हांला कोणी भंगारात दिले नाही. दुसऱ्या दिवशी घनश्यामजी स्वतः एक यूपीएस उचलून घेऊन आले. ते जड असते. धापा टाकत त्यांनी ते खाली ठेवले, स्वतःच तार जोडली. “रख लो,” एवढेच म्हणाले आणि मान खाली घालून निघून गेले. त्यांना क्षमा करावी की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. यूपीएस चांगले होते.

श्रुतिकाला मात्र त्या बोलण्याची किंमत मोजावी लागली. “कॉलेज की नाक कटा दी,” असे तिला ऐकवले गेले. अंतर्गत गुणांत ती मागे पडली आणि पहिला वर्ग हुकला. मॅडम भांडायला निघाल्या होत्या. श्रुतिका म्हणाली, “राहू द्या मॅडम. माय रपट्यावरून येते, घरी पोचते. मले पुरे आहे.” तिला पुरे असेल. मला नाही. मला त्याचा आजही संताप येतो.

आम्ही सहा जण आणखी काही पावसाळे दुसऱ्या नाल्यांचे हिशेब करत राहिलो. मग एकेकजण थकला. एका उन्हाळ्यात माझे आतले भाग फुगले आणि मी खरोखरच बंद पडलो. तेव्हा पहिल्यांदा माझ्याबद्दल कोणी बंद म्हटलेले खरे होते.

आता मी किरनापुरच्या एका शाळेत आहे. श्रुतिका तिथे गणित शिकवते. दर वर्षी नव्या मुलांपुढे ती माझे झाकण उघडते आणि म्हणते, “हात लावून पाहा. मोडत नाही.” तुमचे छोटे हात माझ्या तारांवरून फिरतात, ते मला आवडते. म्हणून तर मी तुम्हांला हे सगळे सांगितले.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. माझी पूजा करू नका, नारळ फोडू नका. त्याचा अनुभव मी घेतला आहे. पण कुठे एखादे यंत्र अंधारात गप्प उभे दिसले, तर बटण ओढण्याआधी त्याच्यावर हात ठेवून पाहा. त्याच्याजवळ रोज कोण येते, ते विचारा. विचारायला किती वेळ लागतो? त्याची धूळ झटका. ते थकले, तर त्याला नीट माणसाच्या हाती सोपवा, उकिरड्यावर फेकून त्याच्या तारा जाळू नका. आणि वर्गात कोणी मुलगा किंवा मुलगी तोंड मिटून मागच्या बाकावर बसलेली असेल, तर तिच्या डोक्यात काहीच चाललेले नाही, असे ठरवून मोकळे होऊ नका.

माझे स्क्रू काढा, माझी पेटी पुस्तके ठेवायला वापरा, माझी हरकत नाही. पण ‘हा काही करत नव्हता’ असे माझ्याबद्दल कोणी म्हणू नये. आणि तुम्ही काम करत असाल, तर तुमच्याबद्दलही कोणाला म्हणू देऊ नका.